इटालियनमध्ये ‘मी आपला एकटाच…’ कसं सांगायचं? (इंग्रजी बाजूला ठेवून)

आर्नोकाठ

सोमवारी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी हमखास विचारतात, ‘के आई फात्तो दी बेल्लो?’ म्हणजे ‘काय विशेष केलंस सुटीत?’ आपण मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो, मग त्याचं इटालियन करायला जातो आणि घसरतो. वाचन, पोहणं, कोडी सोडवणं, नुसतं लोळणं अशा एकट्याने करायच्या गोष्टी सांगताना मराठीचा रस्ता बऱ्याच ठिकाणी सरळ आहे. म्हणून हा धागा. इटालियन देवनागरीतच लिहितोय.

आवडीपासून सुरुवात. इंग्रजीत ‘मी’ कर्ता असतो, इटालियनमध्ये आपल्यासारखंच ‘मला’ लागतं. मला वाचायला आवडतं: ‘मी प्याचे लेज्जेरे’ (हा इटालियन ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’). मला शब्दकोडी आवडतात: ‘मी प्याच्चोनो ले पारोले क्रोचाते’. आवडतं-आवडतात हा फरक जिथे करता, तिथेच प्याचे-प्याच्चोनो करा. क्रिया दोन असल्या तरी एकवचनच: ‘मी प्याचे लेज्जेरे ए काम्मिनारे’, मला वाचायला आणि चालायला आवडतं.

‘दोन वर्षांपासून पोहतोय’ हे मराठीत वर्तमानकाळात सांगतो, इटालियनमध्येही तसंच: ‘न्वोतो दा दुए आन्नी’. इंग्रजीतून आलेले लोक इथे भूतकाळ घुसवतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पोहणं सुटलं. पोहून झालं असेल तर ‘दा’ जाऊन ‘पेर’ येतो: ‘ओ न्वोतातो पेर उनोरा’, तासभर पोहलो.

‘लहानपणी चित्रं काढायचो’ यातल्या ‘-यचो’ला इटालियनमध्ये आयता जोडीदार आहे: ‘दा बाम्बीनो दिसेन्यावो’. एकदाच केलेलं काम असेल तर ‘येरी ओ दिसेन्यातो’, काल चित्र काढलं.

‘वेळ घालवणे’साठी ‘पास्सारे’ वापरा. ‘स्पेन्देरे’ मुख्यतः पैशांसाठी. आणि पुढचं क्रियापद मूळ रूपात: ‘पास्सो ला दोमेनिका आ लेज्जेरे’, रविवार वाचण्यात घालवतो. ‘मी प्याचे लेज्जेन्दो’ असं काही नसतं.

बाकीची भर घाला.

चिंचोका

छान धागा. ‘एकटा’ला चार-पाच पर्याय आहेत आणि त्यांची अदलाबदल करून चालत नाही.

‘दा सोलो / दा सोला’: सोबत कोणी नाही, किंवा कोणाची मदत नाही. ‘वादो आल चीनेमा दा सोला’, एकटीच सिनेमाला जाते. ‘ओ इम्पारातो दा सोलो’, माझं मी शिकलो. वर्तमानकाळात क्रियापदावरून बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही (आपलं करतो-करते तिथे नाही), त्यामुळे लिंग सांगायची जबाबदारी या शेवटच्या ओ-आवर येते. तो गिळू नका. अनेक जण असतील तर ‘दा सोली’.

नुसतं ‘सोलो / सोला’: संदर्भ नसेल तर एकाकीपणाकडे झुकतं. ‘मी सेन्तो सोला’ म्हणजे मला एकटं वाटतंय, समोरचा काळजीत पडेल. क्रियाविशेषण म्हणून ‘सोलो’ म्हणजे ‘फक्त’.

‘पेर कोन्तो मीओ’: माझा मी, माझ्या तंद्रीत. इथे एकटेपणा आपल्या खुशीचा. सुटीबद्दल बोलताना मला हा सर्वांत उपयोगी वाटतो.

‘पेर इ फात्ती म्येई’: अर्थ जवळपास तोच, पण ‘कोणाच्या अध्यात ना मध्यात’ अशी छटा. ‘स्तावो पेर इ फात्ती म्येई’, मी आपला माझ्या नादात होतो. बिनधास्त वापरा.

बोलोन्याकर

‘बिनधास्त वापरा’शी सहमत नाही. ‘पेर इ फात्ती म्येई’ सुरात थोडा फरक पडला की ‘तुला काय करायचंय’ असं ऐकू येतं, कारण ‘फात्ती म्येई’ म्हणजेच ‘माझं मी बघेन, तू बघू नकोस’. मित्रांत ठीक. वरिष्ठ, घरमालकीण, परीक्षक यांच्यासमोर ‘पेर कोन्तो मीओ’ पुरेसं आहे.

त्याहून नाजूक म्हणजे नकार. शुक्रवारी सहकारी आपेरितीवोला (जेवणाआधीच्या पेयपानाला) बोलावतात आणि तुम्हाला घरी पडायचंय. ‘वोल्यो स्तारे दा सोला’ व्याकरणाने बरोबर, पण ऐकायला ‘मला एकटं सोडा’ असं, जणू काही बिनसलंय. इटालियन माणूस नकार असा देतो:

‘नो, ग्वार्दा, स्तासेरा पास्सो. सोनो कोत्ता. मागारी उनाल्त्रा वोल्ता, दाई.’

म्हणजे, नाही गं, आज राहू दे, पार थकलेय, पुढच्या वेळी बघू. (‘कोत्ता’ शब्दशः शिजलेली, पुरुषाने ‘कोत्तो’.) कारण देणं बंधनकारक नाही, पण ‘मागारी उनाल्त्रा वोल्ता’ गाळू नका. पुढे कोणी खोदून विचारलंच तर ‘मी प्रेन्दो ला सेराता पेर मे’, आजची संध्याकाळ माझी. याचं कोणाला वाईट वाटत नाही.

व्याकरणवेडा

आर्नोकाठ, ‘वाचत बसणे’ राहिलं की. त्यासाठी ‘स्तार्सेने’ आहे: ‘मे ने स्तो आ कासा आ लेज्जेरे’, घरीच वाचत बसतो. पुढची रूपं ‘ते ने स्ताई’, ‘से ने स्ता’. भूतकाळात पुरुषाने ‘मे ने सोनो स्तातो आ कासा’, बाईने ‘स्ताता’. नुसत्या ‘स्तो आ कासा’त फक्त ठिकाण कळतं. ‘मे ने स्तो’त आपलं ‘मी आपला घरीच’ येतं, त्यातल्या ‘आपला’सकट.

पण मराठीचा रस्ता सगळीकडे नेत नाही, तेही नोंदवून ठेवू.

भूतकाळात इटालियनला साहाय्यक क्रियापद ‘आवेरे’ (जवळ असणे, रूप ‘ओ’) की ‘एस्सेरे’ (असणे, रूप ‘सोनो’) हा प्रश्न पडतो. मराठीत ‘मी पुस्तक वाचलं’ यात क्रियापद पुस्तकाचं ऐकतं, ‘मी गेले’ यात बोलणारीचं. त्यावरून बरंच जमतं: ‘ओ लेत्तो’, पण ‘सोनो आन्दाता’. ‘ते मासिक? ते मी वाचलं’ यातला मेळही सापडतो. मासिक म्हणजे ‘रिविस्ता’, स्त्रीलिंगी, म्हणून ‘लो लेत्ता’ (‘ला’ म्हणजे ‘ती’ आणि ‘ओ’ यांचा संधी). फक्त हा मेळ इटालियनमध्ये लो, ला, ली, ले क्रियापदाच्या आधी आलं तरच होतो. ‘ओ लेत्तो ला रिविस्ता’त होत नाही.

फसगत होते ती पोहलो, चाललो, झोपलो, खेळलो यांत. मराठीत हे ‘गेलो’च्या रांगेत, इटालियनमध्ये ‘आवेरे’च्या: ‘ओ न्वोतातो’, ‘ओ काम्मिनातो’, ‘ओ दोर्मीतो’, ‘ओ जोकातो’. नेमक्या एकट्याने करायच्याच क्रिया या, त्यामुळे चूक वारंवार होते. ‘कोर्रेरे’ दोन्हीकडे: व्यायाम म्हणून धावलो तर ‘ओ कोर्सो’, धावत घरी गेलो तर ‘सोनो कोर्सो आ कासा’. डोकं चालेनासं झालं तर ‘सोनो आन्दातो आ कोर्रेरे’ म्हणून सुटा.

वारांचंही तसंच. आपलं ‘शनिवारी’ दर शनिवारीही असतं आणि येत्या शनिवारीही. इटालियनमध्ये उपपद (इल, ला) लावलं तर दर शनिवार: ‘इल साबातो न्वोतो’. उपपदाविना ‘साबातो’ म्हणजे हाच किंवा गेलाच. रविवार स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला दोमेनिका’. सवयींबद्दल बोलताना हे एक उपपद विसरलं की सवय जाऊन बेत उरतो.

आणि कंटाळा. ‘मला कंटाळा येतो’ला ‘मी आन्नोयो’. ‘सोनो नोयोसो’ म्हणालात तर ‘मी कंटाळवाणा आहे’ अशी कबुली होते.

रानमेवा

वाचनखूण साठवली. एक शंका: ‘मी ग्वार्दो ऊना सेर्ये’, ‘मी लेग्गो उन लीब्रो’, ‘मी फाच्चो उन ते’ (मालिका बघतो, पुस्तक वाचतो, चहा करतो) असं सर्रास ऐकू येतं. हा इटालियन ‘मी’ कशाला? परीक्षेत चालेल?

चिंचोका

हा ‘मी’ म्हणजे ‘स्वतःसाठी, चवीने’. ‘ग्वार्दो ऊना सेर्ये’ ही माहिती झाली. ‘मी ग्वार्दो ऊना सेर्ये’ म्हटलं की पाय वर घेऊन मजेत बघतोय हे आलं. भूतकाळात मग ‘एस्सेरे’ लागतं: ‘मी सोनो ग्वार्दाता उन फिल्म’ (बाई बोलतेय). पुढे वस्तू सांगा मात्र, कारण नुसतं ‘मी ग्वार्दो’ म्हणजे स्वतःला न्याहाळतोय.

तोंडी परीक्षेत माझ्या मते चालतं, उलट भाषा कानावर पडलीय हे दिसतं.

बोलोन्याकर

तोंडीत एखाद्या वेळी, ठीक. लेखीत टाळावं. औपचारिक लिखाणात ते बोली वाटतं आणि प्रत्येक वाक्यात लावलं तर नाटकी. ‘मी फाच्चो उन ते’ किंवा ‘मी फाच्चो ऊना दोच्चा’ (शॉवर घेतो) इतकी रुळलेली आहेत की कुठेही खटकत नाहीत. सुरुवात तिथून करा.

तळ्यातमळ्यात

क्रियापदांच्या जोड्या टाकतो, कारण इंग्रजीतलं एकच क्रियापद घेऊन लोक गिटारही ‘खेळतात’. मराठीत वाजवणं वेगळं, खेळणं वेगळं, इटालियनमध्येही. ‘स्वोनो ला कितार्रा’, पण ‘जोको आ कार्ते’. वाद्याला उपपद, खेळाला ‘आ’.

व्यायामाला बहुतेक ‘फारे’: ‘फाच्चो योगा’, ‘फाच्चो न्वोतो’. घराबाहेर पडायचं असेल तर ‘आन्दारे आ’: ‘वादो आ कोर्रेरे’. सायकलला ‘वादो इन बीची’. थोडं चालून यायचं तर ‘फाच्चो दुए पास्सी’ किंवा ‘क्वात्त्रो पास्सी’. पावलं दोन की चार, अर्थ एकच. उगाच हिंडायचं तर ‘फाच्चो उन जीरो’. संगीत ऐकताना मध्ये काही घालू नका, ‘आस्कोल्तो मूसिका’.

पत्ते एकट्याने लावायच्या खेळाला ‘सोलितार्यो’: ‘फाच्चो उन सोलितार्यो’. लागला तर ‘मी ए र्युशीतो’. ‘जोको कोन मे स्तेस्सो’ (स्वतःशी खेळतो) असं चुकूनही म्हणू नका, लोक भलताच अर्थ घेऊन हसतील. इटालियन जोडात ४० पत्ते असतात आणि रंग चार: कोप्पे (प्याले), देनारी (नाणी), स्पादे (तलवारी), बास्तोनी (सोटे). त्यात ८, ९, १० नसतात. ७ नंतर थेट चित्रं.

पोहणाऱ्यांसाठी: तलावावर शिकवणी नको असेल तर ‘न्वोतो लीबेरो’च्या वेळा विचारा, ‘क्वान्दो चे इल न्वोतो लीबेरो?’ तलावाची एक लांबी म्हणजे ‘वास्का’. २५ मीटरच्या तलावात ‘क्वारान्ता वास्के’ झाल्या की एक किलोमीटर. टोपी म्हणजे ‘कुफ्या’. बहुतेक ठिकाणी तिच्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. शहरात मात्र ‘फारे ले वास्के’ म्हणजे गावच्या मुख्य रस्त्यावर नटूनथटून येरझाऱ्या घालणं, आणि ते एकट्याचं काम नव्हे.

ओवी_तोरिनो

कोड्यांचा विषय निघालाय तर ‘ला सेत्तिमाना एनिग्मीस्तिका’ला वळसा घालता येणार नाही. मिलानचं हे साप्ताहिक १९३२ मध्ये सुरू झालं. आगगाडीत, दवाखान्याच्या बाकावर, समुद्रकिनाऱ्यावर छत्रीखाली, कुठेही कोणाच्या तरी हातात दिसतं. ‘एदीकोला’त म्हणजे वर्तमानपत्रांच्या टपरीवर मिळतं.

नवशिक्याने पान ४१ वरच्या कोड्याला हात लावू नये. ते अवघड म्हणून प्रसिद्ध. पूर्वीच्या रचनाकाराच्या आडनावावरून त्याला ‘इल बार्तेझ्झागी’च म्हणतात. ‘पारोले क्रोचाते फाचिलिताते’पासून सुरुवात करा, त्यात काही अक्षरं आधीच भरलेली असतात. आडवे शब्द ‘ओरिद्झोन्ताली’, उभे ‘वेर्तिकाली’, काळी घरं ‘कासेल्ले नेरे’, आख्खं कोडं ‘स्केमा’.

सगळे अडतात ते दोन अक्षरांच्या उत्तरांवर, कारण तिथे शब्दार्थ नसतो, युक्ती असते:

‘इन मेद्झो आल मारे’, समुद्राच्या मधोमध. उत्तर बेट नव्हे. ‘मारे’ शब्दाच्या रोमन स्पेलिंगमधली मधली दोन अक्षरं, ए आणि आर.
‘इन फोन्दो आल मारे’, समुद्राच्या तळाशी. त्याच शब्दाची शेवटची दोन, आर आणि ई.
‘ले पारी दी सोले’, म्हणजे ‘सोले’तली सम क्रमांकाची अक्षरं, ओ आणि ई. विषम हवी असतील तर ‘ले दीस्पारी’.
‘सीग्ला दी आस्ती’, जिल्ह्याची खूण, ए-टी. नापोली एन-ए, कोमो सी-ओ. जिल्ह्यांच्या खुणांची यादी पाठ केली की निम्मे कोपरे भरतात.

स्वरांवरचे आघात चौकोनात लिहीत नाहीत.

सांगताना ‘फाच्चो ले पारोले क्रोचाते’ म्हणा. ‘जोको’ नको.

रानमेवा

आणि ते प्रसिद्ध ‘दोल्चे फार न्येन्ते’? ते वापरावं का?

बोलोन्याकर

पर्यटनाच्या जाहिरातींत भरपूर, रोजच्या बोलण्यात फार कमी. ‘काय केलंस?’ला खरं उत्तर असतं ‘न्येन्ते दी के’, काही विशेष नाही. किंवा ‘नोन ओ फात्तो न्येन्ते’. दोनदा नकार बघून दचकू नका, आपणही ‘काहीच केलं नाही’ म्हणतो. तसंच ‘नोन एस्को माई’, कधीच बाहेर पडत नाही. भूतकाळात ‘माई’ मध्ये बसतो: ‘नोन सोनो माई आन्दाता’, कधीच गेले नाही.

अंथरुणात लोळत पडण्याला ‘पोल्त्रीरे’. कामातून डोकं काढण्याला ‘स्ताक्कारे’: ‘ओ बिसोन्यो दी स्ताक्कारे’, मला विसावा हवाय. पण ‘स्ताक्को आल्ले सेई’ म्हणजे सहाला माझं काम सुटतं. दुपारच्या डुलकीला ‘पिसोलीनो’ कुठेही चालतं, रोमकडे ‘पेन्निकेल्ला’ म्हणतात. जेवणानंतर जी गुंगी चढते ती ‘आब्ब्योक्को’: ‘मी ए वेनूतो लाब्ब्योक्को’. इथेही गुंगी कर्ता आणि आपण ‘मला’, मराठी माणसाला फुकटात मिळालेलं वाक्य. दक्षिणेत दुपारच्या त्या सुस्त तासांना ‘कोन्त्रोरा’ म्हणतात. त्या वेळी फोन करू नये.

‘कात्सेज्जारे’ हा शब्द ‘टाइमपास करणे’साठी फार ऐकू येईल. मूळ शब्द अश्लील आहे. समजून घ्या, सासरी वापरू नका.

तळ्यातमळ्यात

एकट्याने हॉटेलात जेवायला गेलात तर दारात विचारतात, ‘इन क्वान्ती स्येते?’ किती जण? ‘सोनो दा सोला’ किंवा नुसतं ‘ऊनो’ म्हणायचं. ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी बसण्याचा आकार. जिथे असेल तिथे एकट्यालाही लागतो. कॉफी मात्र ‘आल बान्को’, काउंटरला उभ्याने घ्या. पुष्कळ ठिकाणी टेबलावर तीच महाग. एकटा माणूस काउंटरपाशी वर्तमानपत्र चाळत उभा असला तर कोणी वळूनही बघत नाही.

‘लिब्रेरीया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान (किंवा घरातलं कपाट). वाचनालय ‘बिब्ल्योतेका’.

व्याकरणवेडा

उच्चारांचं थोडं. त, द आपले दंत्यच, तिथे आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढे. ‘प्याचे’तला च ‘चिंच’मधला. ‘चमचा’मधला च हवा असेल तर तो ‘ग्रात्स्ये’सारख्या शब्दांत, त्स लिहितो तिथे. रोम-फ्लॉरेन्सकडे ‘प्याचे’ जवळजवळ ‘प्याशे’ ऐकू येतं, गोंधळू नका.

आघात: लेज्जेरे, स्क्रीवेरे, कोर्रेरे यांत पहिल्या अक्षरावर, वेदेरे, ग्वार्दारे यांत दुसऱ्यावर. ‘लेग्गोनो’ (ते वाचतात) यातही पहिल्यावर. मधल्या ‘गो’वर जोर दिला की परदेशी माणूस लगेच ओळखू येतो.

अवांतर: ‘सोला’तला ओ मिटलेला ठेवा. रोममध्ये उघडा ‘सॉला’ म्हणजे फसवणूक, गंडवणूक.

रानमेवा

सगळ्यांना धन्यवाद. बी१ (युरोपीय मापातली मधली भाषापातळी) परीक्षेसाठी एखादा नमुना जोडून द्याल का? २०१८ च्या शेवटापासून इटलीच्या नागरिकत्वालाही बी१ लागतं, त्यामुळे आमच्या गटात बरेच जण तयारी करतायत.

आर्नोकाठ

घ्या. बाई बोलतेय असं धरलंय.

‘नेई जोर्नी फेर्याली ओ पोको तेम्पो, मा इल साबातो पोमेरीज्जो मे लो तेंगो पेर मे. दी सोलितो वादो इन पिश्शीना दा सोला ए फाच्चो ऊना त्रेन्तीना दी वास्के. पोई तोर्नो आ कासा, मी फाच्चो उन ते ए मी मेत्तो आ फारे ले पारोले क्रोचाते. ले फाच्चो दा दुए आन्नी: आल्लिनीत्स्यो नोन कापीवो न्येन्ते, आदेस्सो क्वाल्के स्केमा र्येस्को आ फिनीर्लो. दा बाम्बीना दिसेन्यावो मोल्तो, ओरा नोन प्यू. साबातो स्कोर्सो पेरो प्योवेवा ए मे ने सोनो स्ताता आ कासा तुत्तो इल जोर्नो.’

मराठीत: कामाच्या दिवशी वेळ कमी, पण शनिवार दुपार मी स्वतःसाठी राखते. सहसा एकटीच तलावावर जाते, तीसेक फेऱ्या मारते. मग घरी येऊन चहा करून घेते आणि कोडी सोडवायला बसते. दोन वर्षांपासून सोडवतेय. सुरुवातीला काही कळायचं नाही, आता एखादं पुरं होतं. लहानपणी खूप चित्रं काढायचे, आता नाही. गेल्या शनिवारी मात्र पाऊस होता, दिवसभर घरीच बसले.

परीक्षकाला हवं ते सगळं यात आहे: सवयीचा वर्तमान, ‘दा’सकट चालू असलेलं काम, ‘-यचे’वाला भूत, एकदाचा भूत आणि ‘इल साबातो’ विरुद्ध ‘साबातो स्कोर्सो’. पाठ करू नका, पोहण्याच्या जागी तुमचा छंद घाला. मग परीक्षक मध्येच ‘किती फेऱ्या?’ विचारतो तेव्हा पंचाईत होत नाही.

ओवी_तोरिनो

स्वतःचं वर्णन करायची वेळ आली तर: घरकोंबड्यासाठी ‘पान्तोफोलायो’, बाईसाठी ‘पान्तोफोलाया’ (पान्तोफोले म्हणजे सपाता). स्वतःबद्दल हसत म्हणायला उत्तम. माणूसघाण्याला ‘ओर्सो’, अस्वल. बायकांनी ‘सोनो कासालिंगा’ म्हणू नये, त्याचा अर्थ मी गृहिणी आहे. पुस्तकी किड्याला ‘तोपो दी बिब्ल्योतेका’, वाचनालयातला उंदीर.

रानमेवा

मग बाईने ‘तोपा दी बिब्ल्योतेका’ म्हणायचं का?

बोलोन्याकर

अजिबात नाही! ‘तोपो’ सगळ्यांसाठी पुल्लिंगीच. ‘तोपा’ ही शिवराळ भाषा आहे, तोस्कानात तर विशेषच.